वाफा रिकामा असतो तेव्हा

मागच्या मे महिन्यात माझ्या प्रयोगाच्या तुकड्यावर कुणीतरी खडीचा ट्रक रिकामा केला.

तुकडा फार मोठा नव्हता, जेमतेम दोन गुंठे. हरभऱ्यावर मर रोग आणणारी बुरशी शेतात हरभरा नसतानाही मातीत वर्षानुवर्षं तग धरून राहते. ती कुठल्या खोलीवर किती टिकते, हे मी एकाच जागी सलग तीन वर्षं मोजणार होते. दोन हंगाम पार पडले होते. मार्चमध्ये हरभरा काढला, एप्रिलमध्ये मातीचे नमुने घेतले आणि मे महिन्यात दहा दिवस घरी गेले. परत येऊन बघते तर जागेवर खडी, वाळू आणि पत्र्याची शेड. शेजारी बांधकाम सुरू होणार होतं. ऑफिसात गेले, तर तिथले क्लार्क शांतपणे म्हणाले, "मॅडम, तिथे काहीच नव्हतं. जागा मोकळी होती."

त्यांचं चूक नव्हतं. पीक नव्हतं. पाटी होती, ती पिकाबरोबर मीच उपटून खोलीत ठेवली होती. आणि ही जागा तीन वर्षांसाठी मला दिली आहे असं सांगणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता. सगळं तोंडी ठरलेलं. हिरवं पीक उभं होतं तोपर्यंत मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही कुणाला काही विचारलं नाही.

हे रडगाणं सांगायला आज बसलेले नाही. त्याच उन्हाळ्यात लिटरेचर रिव्ह्यू करताना मी एका वेगळ्याच इतिहासात शिरले, आणि माझी चूक मला तिथे शंभर वर्षं आधी लिहून ठेवलेली सापडली. तुमच्यातले बरेचजण आत्ता पेटची किंवा नेटची तयारी करत असतील. तुमचा प्रयोग अजून सुरू व्हायचा आहे. म्हणून हा इतिहास तुम्हाला आधीच सांगते.

अडीच गुंठ्यांची बाग

मी वाचत होते बटाट्याच्या 'वॉर्ट' रोगाबद्दल. या रोगात बटाट्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या गाठी येतात आणि पुढे त्या काळ्या पडून सडतात. रोग आणणाऱ्या जीवाचं नाव सिंकिट्रियम एंडोबायोटिकम. त्याचे बीजाणू मातीत काही दशकं जिवंत राहतात, म्हणून मला त्यात रस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये हा रोग पसरला, आणि तो प्रामुख्याने मोठ्या शेतांवर नव्हे तर कारखान्यांच्या आणि खाणींच्या गावांतल्या घरामागच्या बागांत आणि 'अलॉटमेंट'वर सापडत होता.

अलॉटमेंट म्हटलं की आपल्याला म्हाडाची लॉटरी आठवते. तिथे त्याचा अर्थ आहे, नगरपालिकेकडून किंवा जमीनमालकाकडून भाड्याने मिळणारा भाजीपाल्याचा तुकडा. घर एकीकडे, बाग दुसरीकडे. असे पन्नास-शंभर तुकडे एका कुंपणात असतात आणि ते करणारे लोक मिळून एक संघ चालवतात. त्याला अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार असतात, वार्षिक सभा असते आणि प्रतीक्षा यादी असते. अनेक संघ तर सहकारी संस्था म्हणूनच नोंदलेले असत. आपल्या हाउसिंग सोसायटीची सभा ज्याने बघितली आहे त्याला हे वातावरण समजायला वेळ लागणार नाही.

या तुकड्याचं रूढ माप 'दहा पोल'. हा आकडा मला बरेच दिवस परका वाटायचा. मग एकदा हिशेब करून बघितला. एक पोल म्हणजे सव्वातीस चौरस यार्ड. आपला गुंठा १२१ चौरस यार्डांचा. म्हणजे एका गुंठ्यात बरोबर चार पोल, आणि इंग्लंडमधली नेहमीची अलॉटमेंट म्हणजे बरोबर अडीच गुंठे. एकरात १६० पोल आणि ४० गुंठे. मापं जुळतात कारण दोन्ही एकाच एकराचे भाग आहेत. हे कळल्यावर वाचनातला प्रत्येक आकडा मला डोळ्यांसमोर दिसायला लागला. परक्या देशाबद्दल वाचताना अशी एक चावी शोधून ठेवा. आपल्या मापात उतरल्याशिवाय आकडा कळत नाही.

१९०८ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या स्थानिक कौन्सिलांवर जबाबदारी टाकली की भागात मागणी असेल तर अलॉटमेंट पुरवायच्या. सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी मिळून अर्ज केला तरी कौन्सिलला त्याचा विचार करणं भाग होतं. सुरुवात अशी कागदानेच होते, हे लक्षात ठेवा.

तिथला हिवाळा

आपल्याकडे हिवाळा म्हणजे भाजीची चंगळ. मटार, गाजर, पावटा, मेथी, सगळं एकदम येतं. इंग्लंडमध्ये उलटं. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात दिवस अकरा तासांचा असतो, लंडनमध्ये आठ तासांचाही भरत नाही. बहुतेक भाज्यांची वाढ पाच-सहा अंश सेल्सिअसच्या खाली जवळजवळ थांबते. पार्सनिप, लीक, केल, ब्रसेल्स स्प्राउट अशी काही पिकं थंडीत तगून राहतात. पार्सनिप तर गोठवणाऱ्या थंडीनंतर गोड होतो, कारण त्यातल्या स्टार्चची साखर होते. पण तगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. नोव्हेंबर ते मार्च बागेत नवीन फारसं काही घडत नाही.

मग या पाच महिन्यांत संघ काय करतो?

मी वाचायला लागले तेव्हा मला वाटलं होतं, झोपतो. प्रत्यक्षात चिटणिसाचं काम तेव्हाच सुरू होतं. कोण सोडून गेलं, कोणाचं भाडं राहिलं, कोणाच्या तुकड्यात गुडघाभर गवत आहे आणि प्रतीक्षा यादीत पुढे कोण आहे, हे सगळं याच काळात ठरतं. पाइप फुटू नयेत म्हणून पाणी बंद करायचं, कुंपण छाटायचं, रस्ते नीट करायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकत्र खरेदी.

बियाण्याचे बटाटे हंड्रेडवेटच्या पोत्याने मिळत, म्हणजे ११२ पौंड, साधारण ५१ किलो. अडीच गुंठ्यांत इतर भाज्यांबरोबर बटाटा लावणाऱ्या एका कुटुंबाला एवढं लागत नाही. म्हणून संघाने पोती मागवायची आणि तोलून वाटायची. चांगलं बियाणं स्कॉटलंडहून येई. तिथल्या थंड, वाऱ्याच्या हवेत मावा कमी, आणि मावा कमी म्हणून बटाट्यातले विषाणूही कमी. वसंतात लागवड करायची तर फेब्रुवारीत बटाटे उजेडात मांडून मोड आणायला हवेत. म्हणजे मागणी त्याच्याही आधी जायला हवी.

वॉर्ट रोगाने या मागणीपत्राला एकदम वजन आणलं. रोगावर औषध नव्हतं. पण काही वाणांना तो होतच नाही, हे लक्षात आलं होतं. लँकेशरमधल्या ऑर्म्सकर्क इथे पहिल्या महायुद्धाच्या काळात वाणांच्या चाचण्या सुरू झाल्या, आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कृषी-वनस्पती संस्थेने त्या पुढे चालवल्या. रोगट मातीत वाण लावायचा आणि गाठी येतात का ते बघायचं, इतकी साधी पद्धत. 'किंग एडवर्ड' हा लोकांचा लाडका बटाटा रोगाला बळी पडणारा निघाला, 'मॅजेस्टिक' टिकणारा. रोग असलेल्या भागात प्रतिकारक वाणच लावायचे असा सरकारी नियम झाला.

आता चिटणिसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. शंभर सभासद आहेत. एकानेही चवीखातर गुपचूप भलतं बियाणं लावलं, तर रोग त्याच्या बुटांना लागलेल्या मातीतून, फावड्यातून, बटाट्यांतून शेजारी जाणार आणि कुंपणाच्या आतली जमीन काही दशकं नासवणार. तो निर्णय मे महिन्यात झाडं उगवल्यावर घेता येत नाही. तो डिसेंबर-जानेवारीत, मागणीपत्रावर वाणाचं नाव लिहिताना घ्यावा लागतो.

चुन्याचंही तसंच. कोबीवर्गातल्या पिकांच्या मुळांवर गाठी आणणारा एक रोग आम्लधर्मी मातीत फोफावतो, म्हणून मातीत चुना मिसळून सामू सातच्या वर न्यायचा. पण चुना आणि शेणखत एकत्र टाकलं तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं. त्यामुळे तुकड्याचे तीन भाग करून यंदा कुठे खत, कुठे चुना, कुठे नुसती खणणी, हे हिवाळ्यातच ठरवायचं. जमीन खणून मोठी ढेकळं तशीच ठेवायची, म्हणजे गोठण्या-वितळण्याने ती आपोआप फुटतात. आपल्याकडे नांगरट करून उन्हात जमीन तापवतात, तिथे थंडीकडून तेच काम करून घेतात.

कायद्यातल्या दोन तारखा

इथपर्यंत मी रोगशास्त्राच्या वाटेवर होते. मग १९२२ चा अलॉटमेंट कायदा वाचायला घेतला. खरं तर सहज, तळटीप तपासायला. पहिल्याच कलमात दोन तारखा दिसल्या आणि मी तिथेच थांबले.

मालकाला अलॉटमेंट परत हवी असेल तर किमान सहा महिन्यांची नोटीस द्यायची. आणि त्या नोटिशीची मुदत ६ एप्रिलला किंवा त्याआधी संपली पाहिजे, नाहीतर २९ सप्टेंबरला किंवा त्यानंतर. मधले जवळजवळ सहा महिने, म्हणजे पेरणी, वाढ आणि काढणीचे दिवस, या साध्या नोटिशीने जमीन सोडायला लावता येत नाही. बांधकाम, रस्ता, भाडं थकवणं अशा कारणांसाठी वेगळ्या तरतुदी होत्या, पण सर्वसाधारण नियम हा.

वाचताना पहिल्यांदा हे फार मायाळू वाटतं. उभं पीक कुणी हिसकावू नये म्हणून केलेली सोय. आता तेच वाक्य उलटं वाचा. २९ सप्टेंबर ते ६ एप्रिल या काळात जमीन परत घेता येते. हा पूर्ण हिवाळा आहे. २९ सप्टेंबरच्या सुमारास नोटीस हातात पडली, तर ६ एप्रिलला सगळं संपू शकतं. म्हणजे नोटिशीचा अख्खा काळ थंडीत जाणार. त्या माणसाने आता खणावं का? खत घालावं का? बियाणं मागवावं का? खताची आणि उभ्या पिकाची भरपाई कायद्यात होती, पण ठराविक परिस्थितीतच.

या कायद्याने पिकाला संरक्षण दिलं. पीक नसताना माणसाला ते तितकंच मिळत नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मला तो क्लार्क आठवला. "तिथे काहीच नव्हतं."

हा कायदा हवेतून आला नव्हता. डिसेंबर १९१६ मध्ये, युद्धाच्या ऐन थंडीत, सरकारने स्थानिक संस्थांना मोकळ्या पडलेल्या जमिनी ताब्यात घेऊन अलॉटमेंटसाठी देण्याचे अधिकार दिले. फेब्रुवारी १९१७ पासून जर्मन पाणबुड्यांनी कुठलीही जहाजं बुडवायला सुरुवात केली आणि बाहेरून येणारं धान्य धोक्यात आलं. डिसेंबर ही तारीख बघून मला आधी नवल वाटलं होतं. बागकाम समजल्यावर वाटलं नाही. गवताळ जमीन थंडीत खणली तरच वसंतात तिथे बटाटा लागतो. युद्धाआधी साधारण सहा लाखांच्या आसपास असलेले तुकडे १९१८ पर्यंत पंधरा लाखांच्या घरात गेले.

आणि मग युद्ध संपलं. जमिनी मालकांना परत जायला लागल्या, बांधकामं सुरू झाली. दोन-तीन वर्षं घाम गाळून दगड-गवत काढलेली माती लोकांच्या हातून गेली. १९२० चं दशक संपताना आकडा दहा लाखांच्या खाली आला होता. १९२२ चा कायदा या काळातला आहे. त्यानंतर १९२५ चा कायदा आला. त्याने सांगितलं की कौन्सिलने अलॉटमेंटसाठी म्हणूनच विकत घेतलेली किंवा राखून ठेवलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येणार नाही, दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही. पण दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या आणि तोपर्यंत बागेसाठी वापरू दिलेल्या जमिनीला हे कवच नव्हतं.

दोन तुकडे शेजारी शेजारी असू शकतात. माती तीच, कोबी तोच, माणसंही सारखीच मेहनती. एक कायम, दुसरा तात्पुरता. हा फरक जमिनीवर कुठेच दिसत नाही, तो फक्त दप्तरात असतो. आपली जमीन यातल्या कुठल्या प्रकारची, हे ज्या संघाला माहीत आहे तो भांडू शकतो. ज्याला माहीत नाही त्याला नोटीस आल्यावर कळतं.

पुढे १९५० मध्ये नोटिशीची मुदत सहा महिन्यांवरून बारा महिने झाली. आकडा नुसता दुप्पट झाला असं समजू नका. बारा महिन्यांत एक अख्खं चक्र बसतं, म्हणजे खणणी, पेरणी, काढणी आणि पुन्हा थंडी. नोटीस आली तरी एक पीक नक्की हातात येणार. माझ्या मते या सगळ्या कायद्यांत जमीन करणाऱ्या माणसाचं वर्ष कसं असतं हे ओळखून केलेली ही सगळ्यात शहाणी दुरुस्ती आहे.

पोस्टरवरचा जुलै

दुसऱ्या महायुद्धातली 'डिग फॉर व्हिक्टरी' मोहीम तुम्ही कदाचित ऐकली असेल. फावड्यावर ठेवलेला बूट, टोपलीभर भाज्या, हसरी मुलं. ऑक्टोबर १९३९ मध्ये कृषिमंत्री रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी आणखी पाच लाख अलॉटमेंट करा असं आवाहन केलं. १९३९ मधले सुमारे सव्वाआठ लाख तुकडे १९४३ पर्यंत चौदा लाखांच्या आसपास गेले.

पण मोहिमेची पहिलीच थंडी कडक होती. जानेवारी १९४० हा तिथे १८९५ नंतरचा सगळ्यात थंड जानेवारी ठरला. जमीन दगडासारखी, फावडं आत जाईना. शिवाय ब्लॅकआउट. १९४० पासून हिवाळ्यातही घड्याळं तासभर पुढेच ठेवली होती, त्यामुळे डिसेंबरात सूर्य नऊनंतर उगवायचा. कारखान्यात जाणाऱ्या माणसाला उजेडात बाग दिसायची ती शनिवारी-रविवारीच. रविवारी रेडिओवर सी. एच. मिडलटन यांचं बागकामाचं भाषण असायचं आणि लाखो लोक ते ऐकायचे.

नवख्या लोकांची खरी अडचण वेगळी होती. उन्हाळ्यात सगळ्यांकडे एकदम लेट्यूस आणि बीन्सचा ढीग, आणि फेब्रुवारीत टोपली रिकामी. १९४० मध्ये ब्रिटनी आणि चॅनेल बेटं जर्मनांच्या हातात गेली, तिथून येणारा कांदा बंद झाला आणि कांद्यासारखी साधी वस्तू दुर्मीळ झाली. म्हणून सरकारने पीक आराखड्याची पत्रकं काढली आणि सांगितलं की उन्हाळ्याबरोबर हिवाळ्यासाठीही लावा. लवकरचा बटाटा आणि मटार जुलैत निघाला की त्याच जागी लीक, केल, कोबी लावायचा. म्हणजे जानेवारीच्या ताटाचा निर्णय जुलैत, आणि जुलैतल्या वाफ्याचा निर्णय आधीच्या जानेवारीत. तरीही एप्रिल-मे हा सगळ्यात अवघड काळ उरायचाच. थंडीची पिकं संपलेली, नवीन यायची असतात. हवा छान, झाडांना पालवी, आणि बागेत खायला काही नाही. तिथले माळी याला भुकेची फट म्हणतात.

१९४७ च्या हिवाळ्याने हे सगळं पुन्हा एकदा दाखवून दिलं. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत बर्फ हटला नाही. पेंढा आणि मातीखाली साठवलेले बटाटे गोठून सडले. युद्धात बटाट्यावर कधी रेशन नव्हतं, ते १९४७ च्या शरदात आलं.

आता संशोधनाची एक गोष्ट. या मोहिमेचे फोटो शोधलेत तर तुम्हाला ऐंशी टक्के उन्हाळा दिसेल असं मी म्हणणार होते, पण मी ते मोजलेलं नाही, म्हणून टक्केवारी मागे घेते. एवढंच सांगते की मी जे बघितले त्यांत थंडीतला रिकामा तुकडा मला क्वचित दिसला. साहजिक आहे, चिखलाचा फोटो कोण काढणार? फोटोत पीक येतं. थंडी येते ती इतिवृत्तात, भाड्याच्या वहीत आणि चुन्याच्या पावतीत. फक्त फोटोंवरून इतिहास लिहिला तर वाटेल की लोकांनी खणलं आणि पिकलं. इतिवृत्त वाचलं की कळतं, आधी कुणीतरी थंड खोलीत बसून शंभर जणांची यादी केली होती.

तुमच्यासाठी यात काय आहे

हे सगळं वाचायला मी इंग्लंडला गेलेले नाही. ब्रिटिश कायद्यांचे मजकूर सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत, तिथल्या संसदेतल्या चर्चाही आहेत. जुने कृषी अहवाल डिजिटल ग्रंथालयांत सापडतात. वेळ लागतो, पैसे लागत नाहीत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना अशा साधनांची सवय नसते. आपण पेपर वाचतो, तेही बहुधा मागच्या दहा वर्षांतले. पण रोगाचा इतिहास हा नेहमी जमीन कोणाची, बियाणं कोण मागवतो आणि नियम कोण करतो याचाही इतिहास असतो. वॉर्टसाठी प्रतिकारक वाण शोधले शास्त्रज्ञांनी. ते वाण लाखो छोट्या तुकड्यांपर्यंत पोचायला मात्र मागणीपत्र भरणारी, वर्गणी गोळा करणारी माणसं लागली.

या माणसांचं काम किती मोलाचं असतं याचं आणखी एक उदाहरण देते. १९२६ मध्ये साउथ वेल्समधल्या कोळसा खाणी महिनोन् महिने बंद होत्या. क्वेकर पंथाच्या लोकांनी तिथल्या बेकार खाणकामगारांना बियाणं देण्याचं काम सुरू केलं. पुढे १९३० च्या दशकात हीच योजना देशभर चालली. त्यात बियाणं, खत, अवजारं स्वस्तात मिळायची, पण खर्चाचा काही भाग कामगाराने स्वतः, थोडाथोडा करून भरायचा. बेकार माणसाकडून ऐन थंडीत पैसे गोळा करणं, त्याची नोंद ठेवणं आणि वसंतात त्याच्या हातात पुडकं वेळेवर पडेल हे बघणं. या कामाला कुठलंही पदक नाही. पण ते चुकलं तर त्या घरात वर्षभर भाजी नाही.

आता तुमच्या प्रयोगाकडे या. तुमचाही हिवाळा असणार आहे. शेतावर काम असेल तर दोन पिकांमधली मोकळी जमीन. प्रयोगशाळेत असाल तर यंत्र बंद पडलेले तीन महिने, केमिकल यायची वाट बघण्याचा काळ, गाईड सुट्टीवर गेलेला महिना. त्या काळात तुमच्या हातात दाखवण्यासारखं काही नसतं, आणि नेमका तेव्हाच तुमचा बेंच, तुमचा फ्रीजरमधला कप्पा, तुमची जागा लोकांना मोकळी दिसते. त्यात कुणाचा दुष्टपणा असतोच असं नाही. जागा सगळ्यांनाच कमी पडते.

म्हणून जागा मिळाल्या दिवशी दोन ओळींचं पत्र घ्या. कुठली जागा, किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, सही आणि शिक्का. त्यात 'पीक नसतानाही' असे शब्द घाला. मागताना थोडं अवघडल्यासारखं होतं, आपण संशय घेतोय असं वाटतं. मागा. काम थांबलेल्या दिवसांचीही नोंद वहीत ठेवा. "आज जमीन रिकामी, तण काढलं, पाऊस नाही," एवढं लिहिलं तरी चालेल. परीक्षक विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं बऱ्याचदा या कंटाळवाण्या पानांत असतात. आणि कामाच्या जागेवर तुमचं नाव कायम दिसू द्या.

माझ्या तुकड्याचं पुढे काय झालं ते सांगते. खडी उचलली गेली, पण मशीनने वरची माती खरवडली होती. ज्या खोलीवरची बुरशी मी मोजत होते ती खोलीच तिथे उरली नाही. तिसरं वर्ष गेलं. गाईडनी दोन वर्षांचा डेटा आहे तेवढा लिहायला सांगितला आणि उरलेलं 'मर्यादा' या मथळ्याखाली, काय घडलं ते सरळ सांगून. नवीन तुकडा मिळाला आहे, थोडा लांब, विहिरीच्या पलीकडे. या वेळी पत्र घेतलं. क्लार्क काकांनीच टाइप करून दिलं, आणि "पीक नसतानाही" हे शब्द वाचून हसले.

ऑक्टोबरमध्ये हरभरा पेरला. तो मार्चमध्ये निघेल, मे महिन्यात जमीन पुन्हा तापलेली, भेगाळलेली आणि रिकामी असेल. पाटी मात्र मी या वेळी काढणार नाही.